सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये

बदलापूरला लाईट जाते याचं कुणालाच नवल नाही. पण त्या संध्याकाळी मी लिफ्टमध्ये होते आणि लिफ्ट सातव्या-आठव्या मजल्याच्या मध्ये अडकली. मी अलार्म दाबला, दार बडवलं, वॉचमनच्या नावाने ओरडले. आधी राहायचे त्या विठ्ठलवाडीच्या चाळीत एका हाकेला अख्खी गॅलरी धावून यायची. या टॉवरमध्ये वर्ष झालं, तरी समोरच्या दाराआड कोण राहतं ते मला माहीत नव्हतं.

लिफ्टमध्ये आणखी एक बाई होती, माझ्यासारखीच पस्तिशीची, ऑफिसातून आलेली. ती सरळ खाली बसली आणि मोबाईलचा टॉर्च लावून पिशवीतले मटार रिकाम्या डब्यात सोलू लागली. फोन वाजला. तिने वाजू दिला.

“घरी काळजी करत असतील ना?” मी विचारलं.

“काळजी कसली, ताई? चहा कधी होणार म्हणून विचारत असतील.” तिने चार दाणे माझ्या हातावर ठेवले. “बसा. दिवसभरात एवढंच बसायला मिळालंय.”

लाईट आली, नवव्यावर दार उघडलं. लिफ्टसमोरच्या तिच्या घरातून आवाज आला, “आली वाटतं!”

ती उठली, पण बाहेर पडली नाही. तिने तळमजल्याचं बटण दाबलं.

“मिरच्या राहिल्या,” ती म्हणाली.

मिरच्या तिच्या पिशवीत वरच दिसत होत्या.

“मग आणायलाच हव्यात,” मी म्हणाले आणि दार बंद करायचं बटण दाबलं.