दया आत्याची हाक

पुण्याहून सोलापूरची पॅसेंजर सुटली तेव्हा आई फलाटावर उभी होती. तिनं मला डबा दिला, फिरकीचा तांब्या दिला, दोनदा तिकीट तपासायला लावलं. गाडी हलल्यावर मात्र खिडकीचा गज धरून दोन-चार पावलं बरोबर चालली आणि म्हणाली, "रविवार चुकवू नकोस. आत्याच्या देवळात जाऊन बस. मनूचं नाव घेते का, तेवढं बघून ये." एवढं बोलायला तिनं गाडी हलायची वाट बघितली होती, म्हणजे मला उलट बोलायला सवड मिळू नये.

मनू म्हणजे माझा धाकटा भाऊ मनोहर. मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होता. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचं जहाज एका बंदरातून निघालं, ते पुढच्या बंदरात पोचलंच नव्हतं. जहाज कंपनीच्या मुंबईतल्या कचेरीत मी खेटे घालत होतो. तिथले साहेब चहा पाजायचे आणि "कळवू" म्हणायचे. लहानपणी मनूला हाक मारली की तो जिथं असेल तिथून लांबलचक 'ओ' द्यायचा आणि खेळ काही सोडायचा नाही. ताटातलं जेवण गार होऊन जायचं. आता दसरा उलटला तरी त्याचा काही पत्ता नव्हता आणि आईला झोप नव्हती.

आत्याच्या देवळाचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं मूळ ठिकाण म्हणजे सोलापूरजवळच्या कुंभारीपलीकडची एक वाडी. आजोबांच्या काळी तिथं पंधरा-वीस ख्रिस्ती घरं होती आणि एक छोटंसं दगडी देऊळ (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात). उपासना सुरू होण्याआधी आजोबा घरवार एकेकाचं नाव घेत आणि ज्याचं नाव तो ओ देई. कुणी कामाधंद्याला बाहेरगावी गेला असला तरी त्याचं नाव गाळायचं नाही. हाक मारायची, थोडं थांबायचं आणि मग पुढचं नाव. वाडी सोडलेलं माणूस मंडळीतून जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. आजोबांनंतर हे काम त्यांच्या मुलीकडे, दया आत्याकडे आलं. मग दुष्काळ पडला आणि वाडी फुटली. कुणी पुण्याला गेलं, कुणी भिवंडीला, कुणी सोलापुरात गिरणीच्या चाळीत. आत्या एकटी राहिली आणि रिकाम्या देवळात हाका मारत राहिली.

तिच्याबद्दल घरात एक गोष्ट हलक्या आवाजात सांगितली जाई. माणूस गेलेलं असलं की त्याचं नाव तिच्या तोंडात येत नाही, अशी. माझे वडील गेले त्या रविवारी तिनं त्यांचं नाव घेतलं नव्हतं आणि आमची तार तिला दुसऱ्या दिवशी मिळाली. आई शाळेत शिकवायची, असल्या गोष्टींना ती भाकडकथा म्हणायची. तीच आई आता मला तिकडे धाडत होती.

मी स्वतः विजेच्या मोटारींच्या कारखान्यात तपासनीस. जे मोजता येतं त्यावर सही करायची, हा माझा धंदा. दर रविवारी चर्चला जातो. सगळ्यांबरोबर उभा राहून आपला विश्वास काय ते म्हणतो. मेलेले पुन्हा उठतील, असंही त्यात येतं, आणि ते म्हणताना मी बहुतेक दुपारच्या जेवणाचा विचार करत असतो.

कुर्डुवाडीला समोरच्या बाकावर एक गृहस्थ येऊन बसले. नाव विचारलं. दिनकर गायकवाड, म्हटलं.

"कुठले गायकवाड?"

"ख्रिस्ती."

"अरे वा! पर मराठी लई चांगलं बोलता की तुमी."

"आईनं शिकवलं," मी म्हणालो. गृहस्थ खूश झाले आणि त्यांनी मला आपल्या पुडीतले शेंगदाणे दिले. अशा वेळी रागवावं की शेंगदाणे खावेत हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी खाल्ले.

सोलापुरात शिरताना गिरणीचा भोंगा झाला. शनिवारचा दिवस, ज्यासाठी कारखान्यानं मला पाठवलं होतं, त्या कामात गेला. एका गिरणीतली आमची मोटार तापत होती, ती उघडली, बेअरिंग बदललं, पुन्हा चालवून बघितली. मुक्कामाच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी माग खडखडत होते आणि मागावरची माणसं त्या आवाजावर ओरडून तेलुगूत गप्पा मारत होती. खानावळीत कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी), शेंगाची चटणी आणि दही मिळालं. वाढणाऱ्या बाईंनी उद्या कुठं म्हणून विचारलं. मी वाडीचं नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तितं आता कोण हाय वो?" आणि आणखी एक भाकरी टाकून गेल्या.

रविवारी सकाळची एस.टी. वाटेत बंद पडली. कुंभारीच्या पुढं चालायला लागलो, तर चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेऊन अनवाणी निघालो. ऑक्टोबरचं ऊन, वाटेत झाड नाही. उभ्या ज्वारीतून वारा जायला हवा होता, तर तोही नव्हता. वाडी जवळ आली तसा आवाजच कमी होत गेला. आधी पाखरं गेली, मग माझ्याच पायांचा आवाज मला ऐकू येईना, मऊ फुफाट्यात पाय बुडत होते. घरं उभी होती, पण दारं-चौकटी लोक जाताना काढून घेऊन गेले होते. त्या उघड्या घरांमधून जाताना मी, पस्तिशीचा माणूस, कुणी बघतंय का म्हणून मान खाली घालून चाललो.

देवळालगतच्या शेतात शिवप्पा भेटले. हे लिंगायत शेतकरी, माझ्या वडिलांच्या वयाचे. आत्याला पाणी, सरपण तेच पोचवायचे.

"बर्री, बर्री (या, या)," ते म्हणाले. "म्हातारी सकाळपास्नं घोंगड्या हातरायलीया. जावा लौकर."

देवळाच्या दारातून आत बघितलं आणि पाय तिथंच थांबले. जमिनीवर ओळीनं काळ्या घोंगड्या अंथरल्या होत्या. प्रत्येक घराची एक घोंगडी आणि प्रत्येक घराची जागा ठरलेली. गाव सोडताना लोक दारं घेऊन गेले, घोंगड्या मात्र देवळात ठेवून गेले. आत्या दर रविवारी त्या झटकून अंथरते, हे मला ऐकून माहीत होतं. पण ऐकणं वेगळं. घोंगड्यांवर एकही माणूस नव्हतं आणि तरी बसायला मोकळी जागा कुठं दिसेना.

"दिनू का रं? सलाम," समोरून आत्या म्हणाली (आमच्याकडे भेटल्यावर सलामच म्हणतात). पांढरं लुगडं, काठीसारखी अंगलट, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं. "पाय बापासारखाच वाजतुया तुजा."

मी अनवाणी होतो. पाय वाजलाच नव्हता.

"आईनं धाडलं न्हवं?"

"हो."

"मग बस आपल्या घोंगडीवर."

आमच्या घराची घोंगडी शेवटची, दाराजवळची. मी बसलो. आत्यानं डोळे मिटून थोडा वेळ प्रार्थना केली आणि हाका सुरू झाल्या. पहिल्या घोंगडीकडे तोंड करून एक नाव, मग थांबणं. मग दुसरं नाव, पुन्हा थांबणं. आवाज म्हातारीचा, पण हाक अशी की विहिरीवर गेलेल्या माणसाला ऐकू जावी. थांबणं प्रत्येकासाठी सारखं नव्हतं. कुणासाठी ती लगेच मान हलवून पुढं जाई, कुणासाठी बराच वेळ कान देऊन उभी राही आणि मग "बरं" म्हणे. पहिल्या दोन-तीन घोंगड्यांपर्यंत मी हे सगळं आत्याचं वय म्हणून बघत होतो. मग लक्षात आलं की प्रत्येक हाकेनंतर माझाही श्वास थांबतोय, आणि नजर त्या त्या घोंगडीवर जातेय.

शेवटी आमच्या घराची पाळी आली. वडिलांचं नाव नव्हतंच. आईचं नाव झालं. "दिनकर," आत्या म्हणाली. मी "ओ" म्हणालो, तर त्या जागेत माझा आवाज मलाच परका वाटला.

मग तिनं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. तिनं ओठ ओले केले. पुन्हा प्रयत्न केला. नुसता वारा बाहेर पडला. मी उठून तिच्याजवळ गेलो, तांब्यातलं पाणी पाजलं.

"येईना रं," ती म्हणाली. "पाऊस लागल्यापास्नं येईना झालंय."

"मग कळवलं का नाहीस आम्हाला?"

"काय कळवू? म्हातारीच्या जिभंचं काय खरं? दर रविवारी वाटतंय, आज येईल."

मला राग आला. आत्याचा आला, मनूचा आला, कचेरीतल्या साहेबांचा आणि त्यांच्या चहाचा आला, देवाचाही आला. जहाजावर जाण्याआधी मनूनं आईला स्पष्ट सांगितलं होतं की तो देव मानत नाही, तिनं त्याच्यासाठी चर्चमध्ये रडत बसू नये. तेच मी आत्याला ऐकवलं. "तो मानतच नव्हता, आत्या. तू कशाला हाका मारत बसलीस?"

"त्यो मानत नसंल," ती म्हणाली. "हाक मारायला त्याचं मानणं कशाला लागतंय?"

मी तिथंच, तिच्या शेजारी उभा राहून ओरडलो, "मनोहर!" भिंतींनी ते परत दिलं. मग न ठरवता, जेवायला बोलवायचो तशी हाक तोंडातून गेली. "मनूऽऽ!"

वर कौलं उन्हानं तडकत होती. तो आवाज मला ओळखता येत होता. बाहेर शिवप्पांच्या बैलानं मान हलवली, ती घंटा मी ओळखली. त्यानंतर काहीच नव्हतं. आणि मग मागून, दाराच्या बाजूनं, ओ आली. लांब, आळसावलेली, खेळ न सोडता दिलेली.

मी वळलो. उंबऱ्याबाहेर शिवप्पा पाण्याची घागर घेऊन उभे होते. माझी कीव येऊन त्यांनीच ओ दिली असणार.

"शिवप्पा, कशाला दिलीत ओ?"

"मी? मी कुटं दिली?" त्यांनी घागर खाली ठेवली. "मला वाटलं, तुमीच दिली. आवाज आतनं आला की."

मला तो बाहेरून आला होता आणि त्यांना आतून. आमच्या दोघांच्या मध्ये उंबरा होता आणि आमच्या घराची घोंगडी. मी बसलो होतो तिथं घोंगडीला वळी पडली होती. तिच्या शेजारी आणखी एक वळी होती. तीही माझीच असेल, मी बसल्या बसल्या सरकलो असेन. अंगावर काटा आला तो मात्र खाली बसेना.

घाबरली नाही ती एकटी आत्या. "आली न्हवं ओ? बस मग," म्हणाली आणि तिनं उपासना पुरी केली. शेवटचा आशीर्वाद देताना तिनं हात वर केले ते त्या सगळ्या घोंगड्यांवर. नंतर मला त्यांच्या घड्या घालायला लावल्या. आमची घोंगडी उचलताना मला धीर होईना, तेव्हा शिवप्पांनी तिचं दुसरं टोक धरलं.

जेवायला शिवप्पांच्या घरून हुग्गी (गुळातली गव्हाची खीर) आली होती. मी आत्याला सरळ विचारलं, "मग तो आहे की नाही?"

"ते मला काय ठावं? माज्या तोंडात नाव येईना. तू हाक मारलीस, ओ आली. दोन्ही खरंच की." तिनं चाचपडत माझ्या वाटीत आणखी खीर वाढली. "खा. लांब जायाचंय तुला."

परतीची गाडी रात्रभर रेंगाळत आली. डब्यात सगळे झोपले होते, मी एकटा जागा. मोटार उघडून दोष काढायची माझी सवय. मी तो आवाज डोक्यात पुन्हापुन्हा उघडून बघत होतो. शिवप्पा खोटं बोलले असतील. बाजूच्या शेतातलं कुणी असेल. प्रत्येक स्पष्टीकरण बसत होतं आणि एकावरही सही करवत नव्हती.

आई दारातच होती. "घेतलं नाव?"

खोटं बोलायचं वाटेत ठरवलं होतं, ते जमलं नाही. "आत्याच्या तोंडात आलं नाही," मी म्हणालो. "मग मीच हाक मारली."

तिनं चौकट धरली. "ओ आली?"

"आली."

"कुणाची?"

"त्याचीच."

तिनं आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

नाताळच्या थोडं आधी जहाजाच्या कचेरीतून माणूस आला. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या वादळातच जहाज बुडालं होतं आणि कुणी वाचलेलं नव्हतं. म्हणजे मी देवळात उभा राहून हाक मारली तेव्हा मनूला जाऊन महिने झाले होते. आत्याची जीभ खरी ठरली. आणि ती ओ? तिचं काय करायचं, हे मला कारखान्यात कुणाला विचारता आलं नाही आणि आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही नाही.

पुण्याच्या चर्चमध्ये मनूसाठी प्रार्थना झाली. शवपेटी नव्हती, पुरायलाही काही नव्हतं. नेहमीसारखे सगळे उभे राहिलो आणि आपला विश्वास काय ते म्हणायला लागलो. मेलेले उठतील, ते वाक्य जवळ येत गेलं तसा माझ्या अंगावर तोच वाडीतला काटा उभा राहिला. इतकी वर्षं किती भयंकर गोष्ट मी आरामात म्हणत होतो! आई शेजारी मध्येच थांबली होती. मी तिच्या वाटचंही मोठ्यानं म्हटलं.

बाहेर पायऱ्यांवर लोक भेटून गेले. सगळे पांगल्यावर आईनं माझा दंड धरला.

"दिनू, ओ दिली होती ना त्यानं?"

"दिली होती."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि स्वयंपाकघरातून रागवायची त्याच आवाजात म्हणाली, "लहानपणापासून असाच आहे लबाड. ओ आधी देतो आणि येतो मात्र आपल्या सवडीनं." मग पायरी उतरता उतरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "येईल."