बेचाळीस अंगठे

पेणच्या खाडीकाठी आमचं गाव. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध, आणि बांध फुटला की म्हणायचं, खांड पडली. पूर्वी खांड पडली की काका घरोघर हाक देत जायचा. आतून 'व्हय' आलं की तो माणूस बांधावर आलाच म्हणून समजायचं. व्हय म्हणून घरी बसलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात, भात पोटरीला आलेलं असताना, अमावास्येच्या सकाळी खांड पडली. काकाने गावाच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकला, "खांड परली. बाराला भरती हाय. या."

मी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहतो, रोह्याच्या कंपनीत कामाला. त्या दिवशी मला सुट्टी होती. मोटारसायकलने तास-दीड तासाची वाट. पण निरोपाखाली आधीच चाळीसेक अंगठे उमटले होते. एवढे जण निघालेत, आपण जाऊन काय दिवे लावणार! मीही एक अंगठा ठोकला आणि पेपर उघडला.

पुढचं काकूने सांगितलं. तिने अंगठे मोजले, बेचाळीस. नावंही वाचून दाखवली, त्यात माझं. तरी ती म्हणाली, "एकदा घरोघर फिरून या."

"कशाला गो? सगळी व्हय म्हनली हायत."

काकूने चाळीस जणांचा चहा टाकला. आले पाच. चिखलाची ढेपळं हातोहात खांडीपर्यंत न्यायला लांब रांग लागते, पाच जणांची रांग अर्ध्यातच संपते. बाराला खाडी आत आली आणि काकाचं सगळं शेत खारावलं. आता दोन-तीन वर्षं तरी तिथे भात नाही.

दुपारी ग्रुपवर बुडालेल्या शेताचा फोटो आला, खाली रडक्या चेहऱ्यांची रीघ. मला स्वतःची शिसारी आली. तेव्हा कुठे गाडी काढली.

काका बांधावर बसला होता. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त समोरच्या चिखलाकडे बोट केलं.

"माझ्या बाजूची जागा मोकळी ठेवली व्हती. तुझा बाप असताना तिथंच उभा ऱ्हायचा. पाची जणांना म्हटलं, तिथं कोनी उभं ऱ्हाऊ नका, पोरगा रोह्यावरनं निघालाय, टाईम लागंल."