चुलीसारखी नाही लागत

आईकडे जाताना नेरच्या अलीकडे ढाब्यावर थांबलो. पाटीवर लिहिलं होतं, 'चुलीवरची भाकर'. उतरताच पऱ्हाटीचा धूर नाकात शिरला. कापूस वेचून झाला की उपटलेली ही वाळकी झाडं आमच्याकडे वर्षभर चुलीत जातात. नवऱ्यानं हौसेनं भाकरी मागवल्या. मला मात्र एका जागी बसवेना.

घरी पहिल्यांदा गॅस आला, तेव्हा मी अकरावीत होते, होस्टेलवरून सुट्टीला आलेली. आईनं शेगडीला हळदकुंकू लावलं आणि पहिली भाकर मला वाढली. स्वयंपाक चालू असताना तिचे डोळे लाल नाहीत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"कशी झाली वं?" तिनं विचारलं.

"चुलीसारखी नाही लागत," मी सहज बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी फुंकणीच्या आवाजानं आणि तिच्या खोकल्यानं मला जाग आली. गॅस त्यानंतर पाहुण्यांच्या चहापुरता उरला. आणि मी? मी त्या सकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

गेल्या महिन्यात यवतमाळच्या डॉक्टरांनी तिचा एक्स-रे उजेडासमोर धरून विचारलं, "आजी, किती वर्षांपासून बिडी ओढता?" आई पदराआड हसली. मी खाली बघत राहिले.

ढाब्यावर भाकर समोर आली, तेवढ्यात आईचा फोन आला.

"कुठवर आली?" मग खोकला. मग बराच वेळ नुसता श्वास. "ये लवकर. तुह्यासाठी चूल पेटवून राह्यली मी."