खिळ्यावरचा फिल्टर

परभणीच्या आमच्या टॉकीजचा डिजिटल प्रोजेक्टर साफसफाईच्या बाईमुळे बिघडला, असं अजून सांगितलं जातं. ते खोटं आहे आणि ते मी सांगितलं होतं. मुलगा म्हणतो, "बाबा, सत्तरी उलटली. आता खामोखा स्वतःची इज्जत कशाला घालवायलाव?" त्याला वाचायचं नसेल तर त्याने वाचू नये. मी लिहिणार.

रिळांची यंत्रं चालवण्यात माझी उमर गेली. डिजिटल आलं तेव्हा इंजिनिअरने केबिनच्या भिंतीवर देखभालीचा तक्ता चिकटवला. रोज समोरची काच पुसायची. दर आठवड्याला हवेचा फिल्टर धुवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचा. ठरलेले तास झाले की दिवा बदलायचा. प्रत्येक कामापुढे तारीख आणि सही. मी नुसत्या आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखणारा माणूस, मला कागदाने शिकवावं याचा राग आला. तक्ता मात्र बरोबर होता.

एका उन्हाळ्यात दुपारच्या खेळाआधी मी फिल्टर धुतला. तो वाळायच्या आत प्रेक्षक येऊन बसले, म्हणून यंत्र फिल्टरशिवायच सुरू केलं. एरवी त्या उन्हात खेळ अर्ध्यावर आला की यंत्र तापल्याची घंटा वाजायची, पडदा काळा व्हायचा आणि खालून शिट्ट्या न् शिव्या सुरू. त्या दिवशी फिल्टरची आडकाठी नसल्याने हवा मोकळी खेळली आणि घंटा वाजलीच नाही. वाटलं, इंजिनिअरला जमलं नाही ते मला जमलं. फिल्टर दारामागच्या खिळ्याला अडकवला आणि उन्हाळाभर तिथेच ठेवला. दर सोमवारी तक्त्यावर 'फिल्टर साफ' लिहून सही ठोकत राहिलो. फिल्टर साफ होताच. तो यंत्रात नव्हता एवढंच.

हळूहळू चित्र फिकं पडलं, मग पडद्यावरच्या नट-नट्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर हिरवट डाग दिसू लागले. मालकांनी इंजिनिअरला बोलावलं. तो यायच्या सकाळी मी फिल्टर गुपचूप जागेवर बसवला. त्याने यंत्र उघडलं तर आत भिंगांवर धुळीचा थर.

"फिल्टर असताना एवढी धूळ आत गेली कशी?" त्याने विचारलं. मालक माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "बाई कोरड्या झाडूने केबिन झाडते. कितीदा सांगितलं."

बाई ताडकळसहून रोज बसने यायची. केबिनमध्ये तिने झाडू कधी आणलाच नव्हता. ती गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने फरशी पुसायची. तेव्हाही दारातच उभी होती. म्हणाली, "मालक, ती चाळणीवानी वस्तू इतके दिवस खिळ्याला व्हती. मी रोज बघायचे."

"घ्या, हिला फिल्टर म्हणजे चाळणी," मी म्हणालो. मालक हसले, इंजिनिअरही हसला. दुसऱ्या दिवसापासून बाईला येऊ नको म्हणून सांगितलं. नंतर ती एका दवाखान्यात काम मागायला गेली, तर तिथेही 'मशीन बिघडवणारी' हे नाव तिच्या आधी पोचलं होतं.

यंदा बाजाराच्या दिवशी मी ताडकळसला गेलो. ती कापडी पालाखाली मेथीच्या जुड्या मांडून बसली होती, शेजारी सून. मी हळू आवाजात सगळं कबूल केलं.

"भाऊ, हे मला कशाला सांगायलाव? मला ठावच हाय की."

"माफी मागायला आलो."

"माफीचं काय लोणचं घालू? तवा चारचौघांत हसलाव, आता चारचौघांत सांगा. गाव मला मशीनवाली म्हणतंय. ही सून बी म्हणते."

परतल्यावर टॉकीजच्या मालकांच्या मुलाला हे सांगितलं. आता कारभार तोच बघतो. तो म्हणाला, "काका, मिटलेलं उकरू नका. टॉकीजचं नाव खराब होईल."

"तिचं झालं तेव्हा कुणाला काळजी होती?" मी विचारलं आणि चहा न घेता उठलो.

पुढच्या बाजाराला तिच्या पालापुढे उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "मशीन मी बिघडवलं. नाव हिचं घेतलं. मी खोटं बोललो." दोन-चार गिऱ्हाइकं थबकली. सुनेच्या हातातली जुडी तशीच राहिली.

बाईने मान वर केली. "जरा जोरात. त्या गुळवाल्याला ऐकू गेलं न्हाई."

मी गुळवाल्याकडे तोंड केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.