महादेवाला दिलेलं कव्हर

सगळं उदगीर पावसासाठी देव पाण्यात घालून बसलं होतं, आणि मी एकटी मनात म्हणत होते, महादेवा, पाऊस पाड बाबा, पण मी घरी पोहोचल्यावर पाड. असं मागताना लाज वाटायची, पण करणार काय? माझे पाय लहानपणीच गेले. चाळिशी उलटेपर्यंत अण्णाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, पाठीवर बसूनच मी जग पाहिलं. मग अण्णाची कंबर धरली आणि मी घरात अडकले ती अडकलेच. त्यानंतर कुठं ही बॅटरीवर चालणारी खुर्ची आली. हाताखालची दांडी पुढं लोटली की निघाली. पहिल्यांदा एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दोऱ्याचं रीळ घेऊन आले, तेव्हा वहिनी दारात उभी राहून रडली, आणि मी तिच्यावरच खेकसले. खुर्ची देणाऱ्यानं बजावलं होतं, दांडीखालच्या डबीत पाणी गेलं की खेळ खलास. दुरुस्ती हैदराबादला, तीही होईलच असं नाही.

शिवणकाम माझ्या हातातलं. जाड रेक्झिन आणून मी खुर्चीचं कव्हर शिवलं, आतून अस्तर, दांडीला वेगळी टोपी, खाली नाडी. ते शिवून झालं आणि पाऊसच गडप झाला. मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या, श्रावण लागला तरी गल्लीत टँकरच. बाया हसायच्या, "अक्का, तुमच्या गाडीचा रेनकोट बघूनच पाऊस पळाला की!" उदगीर जिल्हा होणार म्हणून तेव्हा पुन्हा बोलणं चाललं होतं. शेजारचे काका म्हणायचे, "पाऊस अन् नवा जिल्हा, दोघं बी येऊन राहिलेत म्हणे. कुठवर आलेत ते कुणी सांगंना." मीही हसायचे. पण कव्हर खुर्चीच्या पाठीला बांधलेलं असायचंच. खरं सांगते, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या खालोखाल माझा भरवसा त्या कव्हरावर होता.

श्रावणातल्या एका सोमवारी गावाबाहेरच्या महादेवाचा गाभारा पाण्यानं भरायचं ठरलं. पिंड पुरती बुडाली की पाऊस येतो, ही आमच्याकडची जुनी श्रद्धा. टँकरच्या पाण्यातून घरटी एक कळशी राखून बाया निघाल्या. वहिनीबरोबर मीही गेले आणि दाराशी खुर्ची लावून बसले. कळश्या रित्या होत होत्या, पण पाणी काही ठरत नव्हतं. पाणी बाहेर जायचं भोक देवळातल्या स्वामींनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, चिंध्यांनी बुजवलं, पोतं कोंबलं, तरी पाझर चालूच. पोरांच्या तोंडचं काढून आणलेलं पाणी कोरड्या नाल्यात वाहून जाताना बघून बायांचे चेहरे उतरले. एकजण तर मटकन खालीच बसली. तेवढ्यात वहिनीची नजर माझ्या कव्हरावर गेली, आणि तिनं ती चटकन दुसरीकडं वळवली.

कुणी मागितलं असतं तर मी नाही म्हणाले असते, सरळ भांडले असते. पण कुणी मागितलंच नाही. मला महादेवाचाच राग आला. सगळं सोडून तुला माझंच तेवढं दिसलं काय रे? मग मीच गाठ सोडली. "घ्या स्वामी. रेक्झिन हाय, पाणी जायचं न्हाई." त्यांनी घडी करून ते भोकात दाबलं, वर दगड ठेवला. पाणी थांबलं. उरलेल्या कळश्या ओतल्या आणि बघता बघता पिंड पाण्याखाली गेली. बायांनी 'हर हर महादेव' केलं तेव्हा माझाही आवाज त्यात होता.

परतताना अर्ध्या वाटेवर बिदरच्या बाजूनं आभाळ काळंकुट्ट होऊन आलं. आडोशाला झाड नाही, घर नाही. वहिनी म्हणाली, "थांबा अक्का, पळत जाऊन कव्हर आणते." माझ्या तोंडून निघालं, "नको. ते काढलं तर देव उघडा पडंल." टपोरे थेंब सुरू झाले. मी खुर्ची बंद केली आणि दांडीवर वाकून तिला पोटाशी धरलं. वहिनीनं पदर धरला, तोही लगेच भिजला. पाठीवरून पाणी ओघळत होतं, छातीवरचं लिंग आणि ती डबी एकमेकांना टेकली होती. मी म्हटलं, आता मला काही करता येत नाही. तुझं तू बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला काही न मागता बोलले.

आणि एकदम अंधार झाला. कुणीतरी माझ्यावर, खुर्चीवर, सगळ्यावर ताडपत्री टाकली होती. एक पुरुषाचा घोगरा आवाज आला, "वाकूनच बसा बाई, हलू नका." वहिनी म्हणाली, "अहो, तुमची गाडाभर केळी भिजून राहिलीत की!" तो म्हणाला, "भिजू द्या. केळ्याला साल हाय. मशीनला कुठंय?" मला हसूही आलं आणि रडूही. वहिनीनं मागचा खटका सोडून चाकं मोकळी केली. दोघांनी ढकलत मला घरी आणलं. वाटभर मला काही दिसत नव्हतं. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता, रस्त्यावर लोक ओरडत होते, नाचत होते. ताडपत्रीच्या फटीतून फक्त त्याचे पाय दिसायचे, भेगाळलेल्या टाचा, निळ्या पट्ट्याची चप्पल, नखांत चिखल. स्वतःची खुर्ची मी चालवत नव्हते, आणि भीती वाटत नव्हती.

घरात नेऊन अण्णानं खुर्ची पुसली. डबी कोरडी होती. दांडी लोटली, खुर्ची निघाली. मी चहा ठेवा म्हणाले तोवर तो गेला होता, उघड्यावर सोडलेल्या केळ्यांकडं. नंतर बाजारात पुष्कळदा शोधलं, भेटला नाही. तो कोण होता, यावर मी वाद घालत नाही. वहिनीला त्याचा चेहरा दिसला, ती म्हणते, साधा केळीवाला होता, पुढचा एक दात पडलेला. असेल. मला पाय दिसले, मला तेवढे पुरले.

आता आभाळ भरून आलं की मी म्हणते, पाड बाबा, तुझ्या मनानं पाड, मी वाटेत असले तरी पाड. कव्हरं मात्र दोन शिवलीत. एक खुर्चीच्या पाठीला असतं, दुसरं देवळात, त्याचं म्हणून.