गरम झाल्यावर तुटणारी तार

गाडी मार्केटच्या फ्लायओव्हरवर मधोमध बंद पडली. मागच्या सीटवर सुलभाताई दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास ओढत होत्या. ओठांचा रंग बदलला होता. त्यांची मुलगी अनघा स्टिअरिंगवर, मी तिच्या शेजारी. मागे टेम्पो, त्याच्यामागे बस, दोघेही हॉर्न दाबून. टेम्पोवाला ओरडत होता, गाडी बाजूला घ्या. त्या पुलावर बाजू कुठे असते?

“अँब्युलन्सला फोन कर,” मी म्हणाले.

“केला. खाली सर्कलवरच अडकलीय. अर्धा तास म्हणतात.”

हीच गाडी आदल्या दिवशी मी ‘हिला काही झालेलं नाही’ म्हणून परत दिली होती.

बेंगळुरूच्या चामराजपेटला माझं वाइंडिंगचं दुकान आहे. गाडीच्या सेल्फमध्ये, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरमध्ये, आर्मेचर नावाचा गोळा असतो, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. ते जळले की जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निशमध्ये बुडवायची, भट्टीत भाजायची. माझी शाळा चौथीत सुटली. लग्न होऊन आले तेव्हा बोटं बारीक बघून सासऱ्यांनी हातात तार दिली. पुढे गाड्यांत कॉम्प्युटर आले. मी स्कॅनर घेतला आणि सेन्सरची कामंही धरली. स्कॅनर इंग्रजीत बोलतो. खुणा पाठ करून मी त्याच्याशी जमवून घेतलंय.

अनघा पुण्याची. एचएसआर लेआउटला राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. वीस वर्षांची ही गाडी तिच्या वडिलांची. ते गेले आणि गाडी आईबरोबर बेंगळुरूला आली. विकायची नाही, असं मायलेकींचं ठरलेलं. मी त्यात पडले नाही.

तक्रार अशी की गाडी धक्के देते आणि मग बंद पडते. आधीच्या दोन गॅरेजनी प्लग बदलले, कॉइल बदलली, प्लगच्या वायरी बदलल्या. माझ्या स्कॅनरवरही ‘मिसफायर’च आलं. इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकात पेट्रोल-हवा भरते, ठिणगी पडते, स्फोट होतो. ठिणगी पडली नाही किंवा भलत्या वेळी पडली की तो स्फोट हुकतो. त्याला मिसफायर म्हणतात. स्कॅनर तो कधी पहिल्या सिलिंडरला दाखवत होता, कधी तिसऱ्याला.

मी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी सगळे सेन्सर मीटर लावून तपासले. सगळे बरोबर. चालवली, छान चालली.

“बंद कधी पडते?”

“ट्रॅफिकमध्ये. दर वेळी ट्रॅफिकमध्येच.”

“मग क्लच नीट सोड.”

“अक्का, मी बारा वर्षं गाडी चालवतेय.”

“म्हणजे बारा वर्षं चुकीची चालवतेयस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. आई घरी एकटी नको म्हणून तिलाही घेऊन आली. गाडी धक्के देतच आली होती. मला ते कानांनी ऐकता यावं म्हणून अनघाने इंजिन चालूच ठेवलं होतं. त्यांना मी आत बसवलं. आत नुकतीच वार्निशमध्ये बुडवलेली सहा आर्मेचरं टांगलेली. तो वास मला येतच नाही, इतकी सवय झालीय. सुलभाताईंना दमा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. पाच मिनिटांत त्यांना बोलता येईना. पंप दोनदा ओढला, उतार नाही. फोनवर रिक्षा पंधरा मिनिटं दाखवत होती. गाडी दारात चालू उभी होती.

“बसा,” मी म्हणाले.

अशा आम्ही पुलावर आलो.

“सेल्फ मार,” मी अनघाला म्हटलं. इंजिन फिरलं, पण धरलं नाही. “परत मार.” या वेळी मी डॅशबोर्डकडे बघत होते. इंजिन किती वेगाने फिरतंय हे दाखवणारा काटा तिथे असतो. सेल्फ मारताना तो थोडा तरी उठतो. हा शून्यावर चिकटून होता.

म्हणजे इंजिन फिरत होतं आणि कॉम्प्युटरला ते दिसत नव्हतं. फिरतंय हेच माहीत नाही तर तो ठिणगी कशाला देईल? मिसफायर कधी पहिल्या सिलिंडरला, कधी तिसऱ्याला का येत होता, तेही तिथेच कळलं. प्लग खराब असता तर एकच सिलिंडर हुकला असता. इथे हुकूम देणाराच अधूनमधून आंधळा होत होता. त्याचा डोळा म्हणजे क्रँक सेन्सर. अंगठ्याएवढा. आणि त्याच्या आत काय असतं? लोहचुंबक आणि तारेचे वेढे. वाइंडिंग.

मला स्वतःची लाज वाटली. आर्मेचर भट्टीतून काढल्यावर गरम असतानाच मीटर लावायचा, हे सासऱ्यांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तार कुठे केसाएवढी तुटली असेल तर थंडपणी टोकं टेकलेली राहतात, गरम झाली की सुटतात. हे मी आयुष्यभर केलं. सेन्सर कॉम्प्युटरचा म्हणून त्याला मात्र सकाळी, थंडगार असताना तपासलं. ट्रॅफिक म्हणजे उभी गाडी, तापलेलं इंजिन. पोरगी बरोबर सांगत होती, मी क्लच शिकवत बसले.

“पाणी आहे?”

“आईची बाटली आहे. अक्का, ती आईला...”

“तिला आता पाणी जाणार नाही. दे. ओढणीही दे.”

मागून सुलभाताईंनी हात हलवला. दे, दे.

बॉनेट उघडलं. सेन्सर गिअरबॉक्सवर, एअर फिल्टरच्या डब्याखाली. तिथे फिरणारं काही नसतं, कापड अडकायची भीती नव्हती. ओढणी भिजवून त्याच्याभोवती गुंडाळली, वरून पाणी सोडत राहिले. मनगट भाजलं. टेम्पोवाला उतरून आला, आत बाई बघितली. मग गाडीतून स्वतःचा पाण्याचा कॅन घेऊन आला. “तगोळी अक्का,” म्हणाला, घ्या. तोही ओतला.

“मार सेल्फ.”

काटा उठला. इंजिन लागलं.

हॉस्पिटलच्या फाटकात गाडीने पुन्हा दोन धक्के दिले, पण पोचली. सुलभाताईंना लगेच ऑक्सिजन लावला. आणखी वेळ गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर अनघाला म्हणाले. मी शेजारीच उभी होते. अनघाने मला चार शब्द सुनवायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सेन्सर काढून मीटर लावला. बरोबर. भट्टीत ठेवला. थोड्या वेळाने आकडा गेला. बाहेर काढून निवू दिला, आकडा परत आला. मग करवतीने कापला आणि भिंग लावून बसले. इतकी बारीक तार मी कधी गुंडाळलेली नाही. केस त्यापुढे जाड वाटेल. हजारो वेढे, एकावर एक, एकही वाकडा नाही.

नवा बसवण्याआधी भोकात टॉर्च मारून आतलं चाक बघितलं. साठ दातांची जागा, आणि दोन दात मुद्दाम गाळलेले. चाक फिरताना एकेक दात सेन्सरसमोरून जातो. रिकामी जागा आली की कॉम्प्युटरला कळतं, फेरा इथून सुरू. तेवढ्यावरून तो चारही पिस्टन कुठे आहेत हे ओळखतो आणि ठिणगी पाडतो. मिनिटाला हजारो वेळा, वीस वर्षं. ज्याने ही युक्ती काढली त्याला काय म्हणावं मला कळत नाही. मी टॉर्च लावून बराच वेळ तिथेच वाकून उभी होते. गिऱ्हाईक आलं, त्याला म्हटलं, स्वल्प, जरा थांब.

आता नियम केलाय. गाडी ज्या हालतीत बिघडते, त्याच हालतीत तपासायची. आणि चालवणारी काय सांगते ते आधी ऐकायचं.

वार्निश मी गच्चीवर नेलं. तरी सुलभाताई दुकानात पाय ठेवत नाहीत. समोरच्या फुटपाथवरून विचारतात, “अक्का, वाळलं का हो?”

त्या दिवशी गाडीत आम्ही तिघी होतो. तिघीही अजून आहोत.