बायको गेल्याची बातमी ऐकणारा नट

दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट. एडिनबरात बाहेरून आलेल्या डॉक्टरांची परीक्षा होती आणि मी परीक्षक होतो. अशा परीक्षेत पेशंट किंवा नातेवाईक म्हणून नट बसवतात. त्या दिवशीचा नट साठीचा अमेरिकन होता. मूळचा नाटककार, सिनेमेही लिहिलेले. आता मिळेल ते काम करायचा. त्याला फक्त बायको गेल्याची बातमी ऐकायची होती. दर दहा मिनिटांनी नवा डॉक्टर आत यायचा आणि त्याची बायको पुन्हा मरायची.

तो रडायचा नाही. ऐकून झालं की कोटाचं वरचं बटण सावकाश लावायचा. दर वेळी.

"घरी कोणी आहे का?" हे डॉक्टरनं विचारायचंच असतं. "मुलगी आहे," हे उत्तर आम्हीच त्याला लिहून दिलं होतं.

शेवटची डॉक्टर नागपूरची होती, पाठांतर पक्कं. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नाही. कोणीच नाही."

"छान, मग त्यांना बोलावून घ्या," ती म्हणाली. प्रश्न विचारला म्हणून मीही टिक केली.

नंतर चहा घेताना मी म्हटलं, "स्क्रिप्टमध्ये मुलगी होती ना?"

"नवं वाक्य कुणासमोर तरी म्हणून बघायची जुनी सवय आहे," तो हसला. "हे चाललं नाही."

आणि त्यानं कोटाचं वरचं बटण लावलं.